वाचकांचे प्रश्न : गोळी रक्तात शिरते कुठे?

तोंडावाटे घेतलेल्या औषधांविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. वरवर ती वेगवेगळी वाटतात, पण बहुतेकांचे उत्तर दोन गोष्टींत सापडते : औषध लहान आतड्यात कधी पोहोचते आणि पोहोचताना त्याच्या सोबतीला काय असते. खाली दिलेल्या वेळा आणि मात्रा विषय समजण्यासाठी आहेत. चालू औषधात बदल करायचा असेल तर तो आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

प्रश्न : गोळी जठरात विरघळते, मग ती तिथूनच रक्तात जात असणार. तरी सगळीकडे लहान आतड्याचेच नाव का घेतात? आतड्याचे अस्तर पसरले तर टेनिसचे मैदान झाकेल, असे शाळेत शिकवले होते. ते खरे आहे का?

उत्तर : आधी मैदानाचे पाहू. पाठ्यपुस्तकांत बरीच वर्षे २०० ते ३०० चौरस मीटर हा आकडा छापला जात होता. २०१४ मध्ये स्वीडनमधील हेलँडर आणि फेंड्रिक्स या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाच्या आधारे नव्याने मोजदाद केली, तेव्हा पूर्ण वाढ झालेल्या माणसाच्या लहान आतड्याचे क्षेत्रफळ ३० चौरस मीटरच्या आसपास निघाले. टेनिसच्या मैदानापुढे हे फारच कमी. पण जठराच्या अस्तरापुढे ते प्रचंड आहे, आणि औषधाच्या दृष्टीने तुलना जठराशीच करायची असते.

हे क्षेत्रफळ तीन पायऱ्यांनी वाढते. अस्तराला आडव्या घड्या असतात. घड्यांवर अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे रसांकुर असतात. रसांकुरावरच्या प्रत्येक शोषक पेशीच्या माथ्यावर सुमारे एक मायक्रोमीटर लांबीचे हजारो सूक्ष्मांकुर दाटीने उभे असतात. रसांकुराच्या आत, पेशींच्या अगदी पाठीला लागून, केशवाहिन्यांचे जाळे असते. आत आलेला औषधाचा कण रक्त लगेच पुढे वाहून नेते, त्यामुळे रक्ताच्या बाजूला औषध साचत नाही आणि आतड्याकडून रक्ताकडे जाणारा ओघ टिकून राहतो.

ॲस्पिरिनचे उदाहरण घेतले की गोष्ट स्पष्ट होते. ॲस्पिरिन हे सौम्य आम्ल आहे, त्याचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला निम्मे रेणू भाररहित असतात तो आकडा, ३.५ आहे. जठरातला सामू १.५ धरला तर ९९ टक्के ॲस्पिरिन विद्युतभाररहित असते, आणि पेशीच्या मेदयुक्त आवरणातून असेच रेणू सहज पार होतात. लहान आतड्यात सामू ६.५ असताना भाररहित रेणू जेमतेम ०.१ टक्का उरतात. या हिशेबाने ॲस्पिरिन जठरातच शोषले जायला हवे. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग लहान आतड्यात शोषला जातो. याची कारणे दोन. पहिले क्षेत्रफळ. दुसरे असे की तो ०.१ टक्का ठरावीक साठा नव्हे, तो समतोल आहे : भाररहित रेणू पेशीत शिरले की उरलेल्यांतले काही लगेच भार सोडतात आणि त्यांची जागा घेतात. शिवाय ॲस्पिरिन आम्लात नीट विरघळत नाही, आतड्यातल्या सामूला चांगले विरघळते. सामूचा नियम खोटा नाही, पण क्षेत्रफळापुढे त्याचे वजन कमी पडते.

म्हणूनच बहुतेक औषधांचा परिणाम किती लवकर दिसेल हे जठर किती लवकर रिकामे होते यावर ठरते. पॅरासिटामॉल जठरातून जवळजवळ शोषलेच जात नाही. जठर रिकामे होण्याचा वेग मोजायला संशोधक रक्तातले पॅरासिटामॉल तपासतात, ते याच गुणामुळे.

प्रश्न : चिठ्ठीवर ‘अनशेपोटी’ लिहिलेले असते. म्हणजे जेवणानंतर नेमका किती वेळ? आणि घोटभर पाण्याने गोळी गिळली तर बिघडते का?

उत्तर : सर्वसाधारण नियम जेवणाआधी १ तास किंवा जेवणानंतर २ तास असा आहे. भरपेट, तेलातुपाचे जेवण झाले असेल तर २ तासांत जठर पूर्ण रिकामे झालेले नसते, तेव्हा आणखी थांबलेले चांगले.

उपाशी असताना जठरात आणि लहान आतड्यात दर ९० ते १२० मिनिटांनी आकुंचनाची एक जोरदार लाट येते आणि उरलासुरला मोठा कण पुढे ढकलते. जेवण झाले की या लाटा थांबतात. त्यानंतर जठराचे दार बारीक झालेले कण आणि द्रव तेवढे पुढे सोडते, साधारण २ मिलिमीटरपेक्षा मोठे न विरघळलेले तुकडे मागे राहतात. जठरात न विरघळणारी गोळी जेवणासोबत घेतली तर ती कित्येक तास तिथेच अडकते. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने काहीतरी खात राहणाऱ्या माणसात तर फारच उशीर होतो.

पाण्याबद्दल : २०० ते २५० मिलिलिटर, म्हणजे एक भरलेला पेला. रिकाम्या जठरातून साधे पाणी फार लवकर पुढे सरकते आणि विरघळलेले औषध सोबत नेते. घोटभर पाण्याने तोटा दोन प्रकारे होतो. एकतर औषध विरघळायला द्रव पुरत नाही. दुसरे म्हणजे गोळी अन्ननलिकेत चिकटू शकते. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची कॅप्सूल रात्री घोटभर पाण्याने घेऊन लगेच आडवे झाल्यावर अन्ननलिकेत व्रण पडल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत भरपूर आहेत. गोळी बसून किंवा उभ्याने घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला शक्य तेवढे उठवून बसवावे. ते अजिबात जमत नसेल तर गिळून झाल्यावर उजव्या कुशीवर ठेवावे. जठराचे खालचे दार त्या बाजूला असल्याने औषध लवकर पुढे जाते, डाव्या कुशीवर ते वरच्या भागात रेंगाळते.

प्रश्न : मी थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी आणि कॅल्शियम असे तिन्ही सकाळी एकदमच घेते, म्हणजे विसरायला होत नाही. वर्षभर घेऊनही टीएसएच (थायरॉइड कमी पडल्यास रक्तात वाढणारे संप्रेरक) उतरत नाही आणि डॉक्टर मात्रा वाढवत आहेत. एकत्र घेण्यात काही चुकते आहे का?

उत्तर : होय, आणि ही चूक इतकी सर्रास आढळते की मात्रा वाढवण्याआधी हाच प्रश्न विचारला जायला हवा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतले औषध, लहान आतड्याच्या मधल्या आणि शेवटच्या भागात शोषले जाते, आणि सगळे जमून आले तरी ६० ते ८० टक्केच. लोह आणि कॅल्शियम आतड्यातच त्याला धरून ठेवतात. तयार झालेले संयुग पेशीत शिरू शकत नाही, ते शौचावाटे बाहेर जाते. गोळी तुम्ही रोज घेताच, पण तिचा काही भाग रक्तापर्यंत पोहोचतच नाही. कॉफीनेही शोषण घटते. जठरातले आम्ल कमी करणारी ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारखी औषधे दीर्घकाळ चालू असतील तरी तेच, कारण गोळी नीट विरघळायला आम्ल लागते.

एक वेळापत्रक असे बसवता येते. सकाळी ६ वाजता थायरॉइडची गोळी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. ७ वाजता नाश्ता आणि चहा-कॉफी. ११ वाजता लोह, म्हणजे थायरॉइडच्या गोळीपासून ५ तास आणि नाश्त्यापासून ४ तास. लोहाच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी नको, त्यातली टॅनिनवर्गीय द्रव्ये लोहाला बांधून टाकतात. कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत. कॅल्शियम कार्बोनेटला विरघळायला आम्ल लागते म्हणून ते जेवतानाच घ्यावे. कॅल्शियम सायट्रेटला ती अट नाही. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅल्शियम घेऊन फारसा उपयोग होत नाही, कारण त्यापुढे शोषणाचे प्रमाण घसरते. सकाळ जमतच नसेल तर थायरॉइडची गोळी शेवटच्या जेवणानंतर ३ तासांनी, झोपताना घेता येते. पण मग कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत हलवावे लागेल. थायरॉइडची गोळी आणि इतर दोन यांत किमान ४ तासांचे अंतर, एवढे एक सूत्र धरले तरी पुरे.

वेळा बदलल्यावर टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी तपासावा, त्याआधी नाही. थायरॉक्सिनचे रक्तातले अर्धायुष्य सुमारे ७ दिवसांचे आहे, नवी पातळी स्थिरावायला तेवढा काळ जातो. आणि एक सावधगिरी : मात्रा आधीच वाढवलेली आहे. आता शोषण सुधारले तर तीच मात्रा जास्त होऊ शकते. छातीत धडधड, हातांना कंप, झोप उडणे अशी लक्षणे दिसली तर ६ आठवडे थांबू नका.

लोहाबद्दल आणखी थोडे. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, ड्युओडेनममध्ये, शोषले जाते. एक मात्रा घेतली की यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि साधारण २४ तास पुढच्या लोहाची वाट अडवते. लोहाची कमतरता असलेल्या स्त्रियांच्या अभ्यासांत एकाआड एक दिवस घेतलेल्या गोळीतून शोषणाचे प्रमाण अधिक आढळले, ते यामुळे. दिवसाला दोन-तीन गोळ्या घेऊन पोट बिघडत असेल तर हा पर्याय डॉक्टरांशी जरूर बोलावा.

धातूंच्या या बंधनात अडकणारी औषधे आणखीही आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लोह, कॅल्शियम किंवा ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेल्या आम्लनाशकाच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायचे असते. नुसत्या दुधासोबतही घेऊ नये. संसर्ग गंभीर असेल तेव्हा ही चूक महागात पडते, कारण जंतू मारण्याएवढी पातळी रक्तात गाठलीच जात नाही. डॉक्सिसायक्लिनची कथा वेगळी आहे. ते पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरते, त्यामुळे तोंडाने घेतलेले लोह शिरेतून दिलेल्या डॉक्सिसायक्लिनलाही आतड्यात गाठते आणि त्याचा मुक्काम कमी करते. हाडे ठिसूळ होण्यावरचे ॲलेंड्रोनेट मुळातच १ टक्क्याहून कमी शोषले जाते. कॉफी किंवा संत्र्याच्या रसासोबत घेतले तर त्यातलेही सुमारे ६० टक्के बुडते. ते फक्त साध्या पाण्यासोबत घ्यावे, मग अर्धा तास काही खाऊ नये आणि आडवे होऊ नये.

प्रश्न : मज्जातंतूंच्या वेदनेसाठी गॅबापेंटिन चालू आहे. डोस बराच वाढवला, पण फायदा त्या मानाने वाढला नाही. औषधाची सवय झाली का?

उत्तर : सवयीपेक्षा दुसरे कारण अधिक संभवते. काही औषधे पेशीच्या आवरणातून आपोआप झिरपत नाहीत. त्यांना आत नेणारी वाहक प्रथिने असतात, आणि वाहकांची संख्या ठरलेली असते. सगळे वाहक गुंतले की उरलेले औषध पुढे निघून जाते. गॅबापेंटिन तीन वेळांत विभागून दिवसाला ९०० मिलिग्रॅम घेतले तर सुमारे ६० टक्के रक्तात पोहोचते, २४०० मिलिग्रॅमला ३४ टक्के आणि ४८०० मिलिग्रॅमला २७ टक्के. म्हणजे ९०० चे २४०० केले तेव्हा गोळ्यांचे वजन जवळजवळ पावणेतीन पट झाले, पण रक्तात गेले ५४० च्या जागी ८१६ मिलिग्रॅम, जेमतेम दीडपट. दिवसाची मात्रा तीनऐवजी चार वेळांत विभागता येईल का, की प्रीगाबालिनसारखे दुसरे औषध बरे, हे डॉक्टरांना विचारा. प्रीगाबालिन नेहमीच्या सर्व मात्रांना ९० टक्क्यांहून अधिक शोषले जाते. गॅबापेंटिन एकदम बंद मात्र करू नका.

ब-१२ जीवनसत्त्वाच्या गोळीत १००० मायक्रोग्रॅम का भरतात, असे आणखी एका वाचकाने विचारले आहे. त्याचेही उत्तर इथेच आहे. जठरातल्या विशिष्ट प्रथिनाला बांधून ब-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते, पण ही वाट एका वेळी २ मायक्रोग्रॅमच्या आसपास भरून जाते. वाहकाशिवाय जेमतेम १ टक्का झिरपते. १००० चा १ टक्का म्हणजे १० मायक्रोग्रॅम, आणि रोजची गरज भागायला एवढे पुष्कळ झाले.

प्रश्न : पार्किन्सनसाठी वडिलांना लिव्होडोपा चालू आहे. दुपारच्या जेवणानंतरची गोळी लागूच पडत नाही, सकाळची मात्र लागते. असे का?

उत्तर : लिव्होडोपा हे अमिनो आम्ल आहे आणि प्रथिनांच्या पचनातून सुटणाऱ्या इतर अमिनो आम्लांसाठी असलेल्या वाहकांतूनच ते आत जाते. डाळी, दूध, अंडी, मांस असे प्रथिनयुक्त जेवण झाले की त्या वाहकांवर गर्दी होते. रक्तातून मेंदूत शिरतानाही पुन्हा हीच स्पर्धा असते. शिवाय पार्किन्सनमध्ये जठर रिकामे व्हायला वेळ लागतो, आणि लिव्होडोपा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच शोषले जाते. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर किमान एक तासाने द्यावी. प्रथिने कमी करू नयेत, त्याने स्नायू झिजतात. दिवसभराच्या प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात नेण्याने बऱ्याच रुग्णांचा दिवस सुधारतो. बद्धकोष्ठ असेल तर त्यावरही उपचार करून घ्यावेत.

प्रश्न : ग्रेपफ्रूटच्या रसाचा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात असतो. एका फळाच्या रसाने काय मोठे होणार?

उत्तर : आतड्याची भिंत म्हणजे नुसती चाळणी नव्हे. शोषक पेशींच्या आत सीवायपी ३ए४ नावाचे विकर असते आणि ते कित्येक औषधे वाटेतच मोडून टाकते. पेशीच्या माथ्यावर पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप असतो, तो आत आलेले औषध पुन्हा आतड्यात फेकतो. या दोन पहाऱ्यांतून सुटलेले औषध पोर्टल शिरेने यकृतात जाते आणि तिथे तिसरा पहारा असतो. गोळीतले मिलिग्रॅम ठरवताना ही सगळी गळती धरलेली असते.

ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकुमारिन द्रव्ये आतड्यातल्या त्या विकराला कायमचे निकामी करतात. गळती थांबते आणि नेहमीच्याच गोळीतून कितीतरी जास्त औषध रक्तात उतरते. रक्तदाबावरच्या फेलोडिपिनच्या बाबतीत कॅनडातील संशोधकांना हे १९८९ मध्ये योगायोगाने आढळले. त्यांचा अभ्यास मद्य आणि फेलोडिपिन यांच्या संबंधाचा होता आणि रस वापरला होता मद्याची चव झाकायला. कोलेस्टेरॉलवरचे सिम्व्हास्टॅटिन आणि अवयव प्रत्यारोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन यांनाही हाच धोका आहे. एक पेला रस पुरतो, आणि पेशी नवे विकर बनवेपर्यंत परिणाम २४ तासांहून अधिक, कधी तीन दिवसांपर्यंत राहतो. त्यामुळे ‘रस सकाळी, गोळी रात्री’ ही तडजोड इथे चालत नाही. पपनसातही हीच द्रव्ये आहेत.

उलटा प्रकारही घडतो. ॲलर्जीवरचे फेक्सोफेनाडिन वाहकाच्या मदतीने आत जाते आणि ग्रेपफ्रूट, संत्रे, सफरचंद यांचे रस त्या वाहकालाच अडवतात. तिथे औषध वाढण्याऐवजी घटते. फेक्सोफेनाडिन पाण्यासोबतच घ्यावे.

प्रश्न : आईला गिळता येत नाही, नाकातून नळी घातली आहे. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून अन्नासोबत देतो. चालेल ना?

उत्तर : नाही. असे तीन ठिकाणी बिघडते.

पहिले म्हणजे आतड्यात उघडणारे वेष्टन असलेल्या गोळ्या. हे वेष्टन आम्लात टिकते आणि सामू साधारण ५.५ च्या वर गेला की विरघळते. अशा गोळीची चाचणीच तशी असते : आधी ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात २ तास, त्यात तडासुद्धा जाता कामा नये, मग ६.८ सामूच्या द्रावणात ती फुटायला हवी. पँटोप्राझोलची गोळी कुटली तर औषध उघडे पडते आणि जठरातल्या आम्लात नासते. मोठ्या आतड्याला चालना देणाऱ्या बिसाकोडिलची गोळी न कुटताही दूध किंवा आम्लनाशकासोबत दिली तर वेष्टन जठरातच सुटते आणि पोटात मुरडा येतो.

दुसरे म्हणजे सावकाश औषध सोडणाऱ्या गोळ्या. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर अशी अक्षरे असतात. कुटली की १२ किंवा २४ तासांचे औषध एकदम सुटते. रक्तदाबाच्या गोळीने माणूस कोसळू शकतो. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकाच्या बाबतीत हे जिवावर बेतते. अशा काही गोळ्या मधल्या खाचेवर अर्ध्या करता येतात, पण माहितीपत्रकात तसे लिहिले असेल तरच, आणि अर्धी गोळीसुद्धा कुटायची नाही.

तिसरे म्हणजे अन्नासोबत देणे. आकडीवरचे फिनिटॉइन नळीच्या अन्नासोबत दिले की रक्तातली पातळी घसरते आणि आकडी येऊ शकते. त्यासाठी अन्न १ ते २ तास आधी थांबवतात आणि तेवढाच वेळ नंतरही.

आधी औषधविक्रेत्याला यादी दाखवून प्रत्येक औषध द्रव किंवा पाण्यात विरघळणाऱ्या रूपात मिळते का ते पाहा. ज्या गोळ्या कुटता येतात त्या एकेक कुटा, एकत्र नाही. अगदी बारीक पूड करून १५ ते ३० मिलिलिटर पाण्यात ढवळा. औषधाच्या आधी, दोन औषधांच्या मध्ये आणि शेवटी नळी पाण्याने धुवा. नळीचे टोक जठरात आहे की पुढे आतड्यात, हे परिचारिकेला नक्की विचारा. ते आतड्यात असेल तर ज्या औषधांना जठरातले आम्ल लागते ती तितकीशी लागू पडत नाहीत.

प्रश्न : मधुमेहाची गोळी शौचातून अख्खी पडते. औषध वाया जाते का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही. सावकाश औषध सोडणाऱ्या मेटफॉर्मिनचा सांगाडा न पचणाऱ्या पदार्थाचा असतो. औषध वाटेत पाझरून जाते आणि मऊ, रिकामे कवच बाहेर पडते. मात्र जुलाब होत असतील आणि साखरही वाढत असेल तर डॉक्टरांना सांगा. लहान आतड्यातला प्रवास साधारण ३ ते ४ तासांचा असतो. तो फारच घाईत उरकला तर औषध खरोखरच गोळीच्या आत राहून जाते.

प्रश्न : गोळी घेतल्यावर उलटी झाली तर पुन्हा घ्यावी का? जुलाबात काय करावे?

उत्तर : उलटीत गोळी अख्खी दिसली, किंवा घेतल्यापासून १५-२० मिनिटांत उलटी झाली, तर औषध बहुधा बाहेर गेले. पण म्हणून दुसरी गोळी सरसकट घ्यायची नसते. गर्भनिरोधक गोळीनंतर ३ तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक घ्यावी. तीव्र जुलाब २४ तासांहून अधिक चालले तर त्या गोळ्या चुकल्या असे धरून इतर साधन वापरावे. हृदयासाठीचे डिगॉक्सिन, रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन, मधुमेहाची आणि आकडीची औषधे, कर्करोगावरची औषधे यांचा डोस विचारल्याशिवाय पुन्हा घेऊ नये.

जुलाबात औषध कमीच शोषले जाते, असा समज आहे. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना दिले जाणारे टॅक्रोलिमस याला अपवाद आहे. जुलाबात आतड्याच्या अस्तराला इजा होते, टॅक्रोलिमस मोडणारे विकर आणि ते बाहेर फेकणारा पंप दुबळे पडतात, आणि रक्तातली पातळी वाढते. मूत्रपिंडाला त्याचा धोका असतो. असे जुलाब दोन दिवस टिकले तर पातळी तपासून घ्यावीच.

प्रश्न : इन्सुलिनची गोळी अजून का निघत नाही?

उत्तर : इन्सुलिनच्या रेणूचे वजन सुमारे ५८०० डाल्टन (रेणूंचे वजन मोजायचे एकक) आहे. १९९७ मध्ये लिपिन्स्की यांनी मांडलेल्या ठोकताळ्यानुसार ५०० डाल्टनच्या वर गेलेले रेणू आतड्यातून नीट पार होत नाहीत. पेशींमधल्या फटी त्याला पुरत नाहीत, वाहक नाही, आणि तिथवर पोहोचेपर्यंत पेप्सिन, ट्रिप्सिन या पाचक विकरांनी त्याचे तुकडे केलेले असतात.

सेमाग्लुटाइड हे असेच मोठ्या रेणूचे, मधुमेहावरचे औषध गोळीत आणले गेले, अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण ती गोळी लहान आतड्याला चुकवते. तिच्यात साल्काप्रोझेट सोडियम हा सहायक ३०० मिलिग्रॅम भरलेला असतो. गोळी जठराच्या अस्तराला टेकते, त्या जागेपुरते आम्ल कमी होते आणि औषध तिथूनच आत जाते, तेही १ टक्क्याच्या आसपास. म्हणून या गोळीला वर सांगितलेला पेलाभर पाण्याचा नियम लागू नाही. १२० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी घेतले तर सहायक पातळ होऊन काम बिघडते. त्यानंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये, दुसरी गोळीही नाही.

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आतडे उलटे करून केलेल्या पिशवीच्या प्रयोगात माझे आकडे दर वेळी वेगळे येतात. कुठे लक्ष द्यावे?

उत्तर : ही पद्धत विल्सन आणि वाइजमन यांनी १९५४ मध्ये मांडली. प्राणी-नैतिकता समितीची परवानगी घेऊन उंदराचे लहान आतडे काढतात, थंड क्षारद्रावणाने आतून धुतात आणि काचेच्या गुळगुळीत कांडीवरून मोज्यासारखे उलटवतात. मग अस्तर बाहेर येते, आणि तुकड्याची टोके बांधली की पिशवी होते. औषध बाहेरच्या द्रावणात असते आणि पिशवीच्या आत फक्त अर्धा ते एक मिलिलिटर द्रव, त्यामुळे थोडेही पार झाले तरी मोजता येते.

आकडे हलतात ते बहुधा या कारणांनी. उलटवताना जोर लागला की रसांकुर सोलले जातात. कांडी ओली हवी, आतडे ओढायचे नाही, सरकवायचे. प्राणी उपाशी ठेवला नसेल तर अन्नाचे कण चिकटून राहतात. तुकडे कुठून घेतले याची नोंद नसेल तर तुलनाच करता येत नाही, कारण वाहक आणि पंप आतड्याच्या लांबीनुसार कमी-अधिक असतात. दर वेळी जठराच्या दारापासून ठरावीक अंतरावरचाच भाग घ्या. द्रावणात ग्लुकोज हवे, तापमान ३७ अंश, आणि ९५ टक्के ऑक्सिजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे सतत. एवढे सांभाळले तरी ऊती साधारण २ तासच तग धरते. त्यानंतरचे आकडे वापरू नका.

हिशेबात पिशवी नळकांडी धरतात. लांबी ५ सेंटिमीटर, व्यास ०.४ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ६.२८ चौरस सेंटिमीटर. बाहेर दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम औषध असताना तासाभरात ६० मायक्रोग्रॅम आत आले, तर सेकंदाला ०.०१६७ मायक्रोग्रॅम. याला ६.२८ आणि १०० यांच्या गुणाकाराने भागले की पारगम्यता, म्हणजे औषध भिंत ओलांडण्याचा वेग, सेकंदाला २.६५ × १०⁻⁵ सेंटिमीटर येते. लांबी आणि व्यास प्रयोगानंतर, पिशवी सैल असताना मोजा. ताणून मोजले की क्षेत्रफळ फुगते आणि पारगम्यता खोटी कमी दिसते. तशीही ती थोडी कमीच येते, कारण शरीरात औषध अस्तरामागच्या केशवाहिनीत उतरते, इथे त्याला स्नायूंचा थरही ओलांडावा लागतो.

प्रत्येक पिशवीत एक गळतीदर्शक ठेवा. फिनॉल रेड हे रंगद्रव्य अखंड अस्तरातून फारच कमी जाते. ते आत भराभर दिसू लागले तर गाठ सुटली आहे किंवा अस्तर फाटले आहे. ती पिशवी सरासरीत धरू नका. आणि औषध पी-ग्लायकोप्रोटीनच्या पंपाने बाहेर फेकले जात असल्याचा संशय असेल तर निम्म्या पिशव्यांत पंप अडवणारे वेरापामिल घाला. गळतीदर्शक दोन्हीकडे सारखाच राहिला आणि औषध वेरापामिलच्या पिशव्यांत वाढले, तरच तो फरक पंपाचा म्हणता येईल.